खोक्यावर ३०० वॉट, डेक ५०चा, मग जोडी जमणार का?

गणपतीला गाडीने गावी जायच्या आधी गाडीत म्युझिक सिस्टीम बसवून घ्यायची असं बरेच जण ठरवतात, त्यामुळे दरवर्षी या दिवसांत पत्रांचा गठ्ठा येतो आणि त्यातली निम्मी तरी वॉटवरची असतात. यंदा म्हटलं सगळी एकत्रच घेऊ, कारण प्रश्न वेगवेगळे दिसले तरी गाठ एकाच ठिकाणी बसलीय.

प्रश्न : दादा, माझी सेकंडहँड वॅगन आर आहे. नवीन डेक (डॅशबोर्डमधला स्टीरिओ) घेतला, त्यावर ५० वॉट गुणिले ४ असं लिहिलंय. पुढच्या दारांसाठी स्पीकर घेतले तर त्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० वॉट. आता लॅमिंग्टन रोडला एका दुकानात सांगतात की ५०चा डेक ३००चा स्पीकर ओढणारच नाही, उलट पॉवर कमी पडून स्पीकर उडेल, वेगळा अँप (अँप्लिफायर) घ्यावाच लागेल. माझं बजेट संपलंय. स्पीकर परत करू का? (एक वाचक, डोंबिवली)

परत करू नका. आधी ते खोकं उलटं करा आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा, नसेल तर आतलं कागदी पत्रक काढा. तिथे आरएमएस किंवा नॉमिनल पॉवर, म्हणजे सतत झेपणारी पॉवर, म्हणून एक आकडा असेल, या साइजच्या स्पीकरला बहुतेक वेळा ४०-५०च्या आसपास असतो. तोच तुमच्या कामाचा. पुढचा ३०० म्हणजे पीक किंवा मॅक्स, क्षणभर आलेला धक्का सहन होईल असा दावा, आणि तो कसा मोजला हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. त्यामुळे दोन स्पीकरची तुलना त्या आकड्यावरून करण्यात काहीच अर्थ नाही.

आता डेककडे या. तिथे पण ५० हा मॅक्सच आहे, आणि तो कुठून येतो ते एकदा कागदावर मांडून बघा म्हणजे कायमचं डोक्यात बसेल. गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. डेकच्या आतला अँप हा एक छोटा आयसी म्हणजे चिप असतो आणि तो जास्तीत जास्त तेवढेच व्होल्ट स्पीकरला देऊ शकतो, त्याच्यावर जायला त्याच्याकडे काही साधनच नाही. सरळ स्वच्छ सूर असला तर त्या १४.४ला १.४१ने भागायचं, आले सव्वादहाच्या आसपास व्होल्ट, त्याचा वर्ग करून स्पीकरच्या रोधाने, म्हणजे ४ ओहमने, भागला की २६ वॉट. हे कागदावरचे. आयसीमधली गळती वगैरे धरून हातात १८ ते २२. म्हणून चांगल्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर २२ वॉट गुणिले ४ असं आरएमएस लिहिलेलं सापडतं, आणि सीटीए २००६ नावाचं जे कडक मापन आहे, १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे सुराचा बिघडलेला भाग) चालणार नाही असं, त्यात तर अनेक डेक १४ वॉटवर येतात. मग ५० कुठून आले? १४.४चा थेट वर्ग करा आणि ४ने भागा, येतात जवळजवळ ५२. म्हणजे सूर पार सपाट कापला गेलाय, वरून खालून चौकोनी झालाय, तेव्हा मिळणारे वॉट. खोक्यावरचे ५० हे फाटलेल्या आवाजाचे वॉट आहेत, गाण्याचे नाहीत. बऱ्याच डेकमध्ये टीडीए ७३८८ नावाचा आयसी असतो, त्याच्या माहितीपत्रकात कंपनीनेच ४५ वॉट मॅक्स लिहिलंय आणि त्याच पानावर खाली, १४.४ व्होल्टला १० टक्के विकृती धरून, २६ वॉट. एकच वस्तू, दोन्ही आकडे खरे, पण एकच कानाच्या उपयोगाचा.

पटत नसेल तर डेकच्या मागचा फ्यूज बघा. साधारण १० अँपिअरचा असतो. १० गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॉट एवढंच वायरीतून सतत आत जाऊ शकतं, त्यातलं निम्म्याच्या जरा वर आवाजात जातं आणि बाकी गरम होण्यात. चार स्पीकरना वाटून द्या, परत वीसच्या आसपासच येता. ५० गुणिले ४ म्हणजे २०० वॉट त्या फ्यूजमधून येणार कुठून.

आता दुकानातलं वाक्य, की ५०चा डेक ३००चा स्पीकर ओढणार नाही. इथे सगळ्यांचा घोळ होतो आणि याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण या एका वाक्यापायी माणसं नसलेले पैसे खर्च करतात. स्पीकरवरचे वॉट ही त्याची मागणी नसते, ती त्याची सहनशक्ती असते, आतली तांब्याची कॉइल किती उष्णता झेपवेल तेवढंच तो आकडा सांगतो. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाटी असते ना, ६ माणसं ४०८ किलो, मग एकटी आजी चढली म्हणून लिफ्ट हलत नाही असं होतं का? ५० आरएमएसचा स्पीकर २० वॉटवर अगदी आरामात वाजतो, १ वॉटवरसुद्धा वाजतो, आणि खरं सांगायचं तर काचा बंद करून नेहमीच्या आवाजात गाणी ऐकताना एकेका स्पीकरला जेमतेम वॉट-दोन वॉट जात असतात.

किती मोठा वाजेल हे ज्या आकड्यावर ठरतं तो आकडा कुणी विचारतच नाही. सेन्सिटिव्हिटी. पत्रकात डीबी म्हणजे डेसिबलमध्ये लिहिलेली असते, १ वॉट दिला आणि १ मीटरवर उभं राहिलं तर किती आवाज. ३ डीबी जास्त म्हणजे अर्ध्या पॉवरमध्ये तेवढाच आवाज. ९२ डीबीच्या स्पीकरला तुमच्या डेकचे २० वॉट दिले तर जेवढं वाजेल तेवढं ८६ डीबीवाल्याकडून काढायला ८० वॉट लागतील, म्हणजे तिथे अँप घ्यावाच लागला असता. डेकवरच चालवायचं असेल तर ९० किंवा वर बघा. फक्त एक तपासा, पत्रकात १ वॉट लिहिलंय की २.८३ व्होल्ट, कारण ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट होतात आणि आकडा फुकट ३ डीबी वाढून दिसतो.

तेव्हा स्पीकर ठेवा, अँप आत्ता नको. डेकच्या सेटिंगमध्ये एचपीएफ म्हणजे हाय पास फिल्टर असेल तो पुढच्या स्पीकरला ८० हर्ट्झवर लावा. त्याने त्याखालचा बास अडवला जातो. स्पीकरच्या छोट्या कोनला (पुढचा हलणारा पडदा) खोल बास ओढायला लावलं की सगळी ताकद तिकडेच जाते, ते ओझं काढलं की त्याच २० वॉटमध्ये गाणं मोकळं होतं, तुम्हाला स्वतःला पहिल्या दिवशी कळेल. आणि हाताशी हजार-पंधराशे उरले तर दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट लावून घ्या, स्पीकरच्या मागची भोकं बुजवून घ्या. हॅचबॅकच्या दाराचा पत्रा पातळ असतो, बास वाजला की तोच थरथरतो आणि स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढचा खाऊन टाकतो. वॉट वाढवून हे कधीच सुटत नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत मागच्या ट्रेवर सहा बाय नऊचे ओव्हल स्पीकर आहेत, ६० वॉट आरएमएस, डेक २२ आरएमएस. म्हणजे तुमच्या हिशोबाने काहीच व्हायला नको होतं, तरी डाव्या बाजूचा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) गेला. मुलगा बास बूस्ट लावून हायवेला काचा खाली करून फुल आवाजात लावतो. स्पीकर खराब होता का? (एक वाचक भगिनी, भांडुप)

ताई, स्पीकर बहुतेक चांगलाच होता. वरच्या पत्रातला दुकानदार जे म्हणाला त्यातला खरा भाग इथे आहे. कमी पॉवरने स्पीकर जळत नाही, पण कमी पॉवरचा डेक त्याच्या कुवतीबाहेर नेला तर जळतो.

काय होतं बघा. डेककडे स्वच्छ २०-२२ वॉट आहेत. आवाज ३५वर नेला, वर बास बूस्ट लावला, लाउडनेस चालू, आता सूर जिथपर्यंत जायला हवा तिथपर्यंत व्होल्टच नाहीत, मग त्याची टोकं कापली जातात. क्लिपिंग म्हणतात ते हेच. उंची तेवढीच पण माथा सपाट, आणि मघाशी हिशोब केला तसं, स्वच्छ सुरात जिथे २६ होतात तिथे सपाट झाल्यावर ५२. म्हणजे वॉट दुप्पट झाले पण गाणं वाढलं नाही, नुसती उष्णता वाढली. आता ६० आरएमएसचा स्पीकर ५२ झेपवेल असं वाटतं, पण ते ६० वॉट बहुतेक सगळे मोठ्या कोनच्या कॉइलचे आहेत. मधल्या छोट्या ट्वीटरची स्वतःची कुवत फक्त काही वॉट असते, कारण नेहमीच्या गाण्यात वरच्या पट्टीत ताकदच थोडी असते. क्लिपिंगमध्ये जी तीक्ष्ण टोकं तयार होतात ती नेमकी वरच्या पट्टीत पडतात आणि ट्वीटरच्या मागचा बास अडवणारा कपॅसिटर ती अडवत नाही, सरळ जाऊ देतो. शिवाय बास आधीच छताला टेकलेला असतो, तरी मुलगा आवाज वाढवतोच आहे, मग वाढायला जागा फक्त वरच्या सुरांनाच उरते.

असे गेलेले ट्वीटर मी टेबलावर उघडून बघितलेत. छोटा घुमट अलगद उचलला की खाली केसाएवढ्या तारेची कॉइल असते, चांगली असताना ती तांबूस चमकते, जळलेली एका बाजूला काळपट असते, आणि एखाद्या ठिकाणी तार तुटून वर आलेली दिसते. वास अगदी ओळखीचा, मिक्सरची मोटर जळल्यावर येतो ना तसाच, कारण जळतं ते तारेवरचं व्हार्निशच. मोठ्या कोनचं तपासायचं असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच आत दाबा, खरखर लागली तर कॉइल घासतेय, मऊ गेला तर बरा आहे.

मुलाला ओरडू नका, त्याला हद्द दाखवून द्या. बास बूस्ट आणि लाउडनेस दोन्ही बंद करा, ज्यात गळा स्वच्छ ऐकू येतो असं गाणं लावा, एकट्या गायिकेचं भावगीत सगळ्यात उत्तम. आवाज हळूहळू वाढवत जा, एका ठिकाणी स आणि श ही अक्षरं चरचरायला लागतील. तिथून चार पायऱ्या खाली या. तीच त्या डेकची हद्द, आकडा लिहून काचेजवळ चिकटवून ठेवा. आणि हायवेवर काचा खाली असताना त्याला ते पुरत नसेल तर मात्र अँप घ्यायची वेळ झालीय, ६० आरएमएसच्या स्पीकरला साधारण ५० ते ७५ आरएमएसचा. हो, स्पीकरपेक्षा जरा जास्त चालतो, उलट बरा, कारण तो कापल्याशिवाय वाजतो.

प्रश्न : टुरिस्ट गाडी आहे. मागच्या सीटवाल्यांना ऐकू यावं म्हणून मागच्या दोन स्पीकरच्या वायरीलाच आणखी दोन जोडले. पंधरा-वीस मिनिटं छान वाजतं मग डेक बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप चालू होतो. डेक बदलू का? (एक वाचक, नालासोपारा)

डेक बदलू नका, तो स्वतःला वाचवतोय. गाडीचे स्पीकर ४ ओहमचे असतात. एकाच वायरीवर दोन समांतर जोडले की दोन्ही मिळून २ ओहम होतात, म्हणजे आयसीतून करंट दुप्पट. बहुतेक डेकवर ४ ते ८ ओहम असं स्पष्ट लिहिलेलं असतं, २ त्याच्या कुवतीत नाही. हात मागे नेऊन डेकची पाठ चाचपा, तिथलं हीटसिंक हात ठेववणार नाही इतकं तापलेलं असेल.

दोन स्पीकर एकामागे एक म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर ८ ओहम होतात, डेक थंड राहील पण पॉवर जवळपास निम्मी होईल. प्रवाशांसाठी हळू गाणी लावायची असतील तर ते चालून जातं. नाहीतर चार चॅनलचा छोटा अँप. तुमच्याच पत्रात पुढे एक ओळ आहे की मेकॅनिकने स्पीकरची उणे वायर बॉडीला अर्थ केली, ती आजच काढा. आजकालच्या डेकच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींत व्होल्ट असतात, जुन्या टेपसारखी उणे वायर अर्थ नसते. बॉडीला लागली की आयसी एखाद्या दिवशी कायमचा जाईल.

प्रश्न : अँप घेतला, ७५ आरएमएस गुणिले ४, स्पीकर ५० आरएमएस. गेन किती ठेवू? मित्र म्हणतो फुल ठेव, नाहीतर पैसे वाया. (गोरेगाव)

मित्राचं ऐकू नका. गेन हे आवाजाचं बटण नाही. डेकमधून येणारा सिग्नल आणि अँप यांची गाठ घालून द्यायचं ते बटण आहे. फुल ठेवलं तर डेकचा आवाज १२-१५वर असतानाच अँप कापायला लागतो, आणि भांडुपच्या ताईंच्या घरी जे झालं ते तुझ्याकडे दुप्पट वेगाने होईल.

साधा मल्टिमीटर असला तर काम दहा मिनिटांचं. स्पीकरच्या वायरी अँपपासून सोडव, गेन शून्यावर, डेकचा इक्वलायझर सपाट, फिल्टर बंद, डेकचा आवाज पाऊणपर्यंत. १०० हर्ट्झचा टेस्ट टोन पेनड्राइव्हवर घेऊन लाव. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलला लाव आणि गेन हळूहळू वाढव. किती व्होल्टवर थांबायचं? ५० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मीटरवर १४ दिसले की हात काढ. टोन बंद करून मगच स्पीकर जोड आणि फिल्टर परत ८० हर्ट्झवर लावायला विसरू नको.

आणि मला जास्त काळजी तुझ्या पॉवर वायरची वाटते, कारण पत्रात तिचा उल्लेखच नाही. ७५ गुणिले ४ म्हणजे ३०० वॉट, अँप क्लास डी या कमी वीज खाणाऱ्या प्रकारचा असला तरी पूर्ण जोरात २५च्या वर अँपिअर ओढणार, क्लास एबी असला तर ३५पर्यंत. ती वायर थेट बॅटरीवरून आणायची, शुद्ध तांब्याची असेल तर ८ गेज, आणि बाजारात स्वस्तात मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर ४ गेज घे (गेजचा आकडा कमी तशी वायर जाड). कापून बघ, सोलल्यावर आतलं टोक पांढरट दिसलं तर ॲल्युमिनियम. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. अँपच्या अंगावर फ्यूज असतो म्हणून बरेच जण हा लावत नाहीत, पण तो अँपला वाचवतो, वायरीला नाही. इंजिनाच्या भिंतीतून ती वायर जिथे आत येते तिथे रबरी बुश नसेल आणि पत्र्याने वरचं प्लास्टिक कापलं तर बॅटरीचा सगळा करंट तिथे शॉर्ट होतो, गाड्या अशाच पेटतात. या एका गोष्टीत शंभर-दोनशे रुपये वाचवू नकोस रे बाबा.

नवी गाडी असेल तर कंपनीची वायर कापून जोड देऊ नको, कुर्ल्याला सीएसटी रोडला किंवा लॅमिंग्टन रोडला त्या मॉडेलचं कप्लर म्हणजे वायर न कापता जोडायचा तयार प्लग मिळतो, तो लावला की वॉरंटीचा वाद बहुधा होत नाही.

प्रश्न : दोन पावसाळ्यांत दारातले स्पीकर दोनदा बदलले. वॉट कमी पडतात म्हणून असं होतं का? (प्रभादेवी)

नाही, याचा वॉटशी संबंध नाही. काचेच्या रबरातून पाणी दाराच्या आत उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जावं अशीच दाराची रचना असते. ती भोकं चिखलाने बुजलीत का ते आधी एखादी काडी घालून बघा. दाराच्या आत प्लास्टिकचा पडदा असतो, मागच्या फिटिंगच्या वेळी तो फाडून टाकला असेल तर नवीन लावून घ्या. कागदी कोनचे स्पीकर मुंबईत दारात घेऊ नका, पॉलिप्रॉपिलीनचा कोन घ्या, आणि स्पीकरच्या वर छत्रीसारखी फोमची किंवा प्लास्टिकची झापड बसवायला सांगा.

बदलताना एक लक्ष ठेवा. दोन्ही दारांत अधिक-उणे सारखंच जोडलं गेलं पाहिजे, एका बाजूला उलटं झालं तर दोन कोन एकमेकांविरुद्ध हलतात आणि बास गायब होतो, मग परत वाटतं वॉट कमी पडले. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या, स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. कोन बाहेर उडी मारतो तेव्हा सेलच्या अधिक टोकाला जी वायर आहे, ती अधिक.